‘जंटलमन्स क्लब’: सद्गृहस्थांचं मंडळ?

विचारणा अशी आहे: लंडनच्या ‘अथेनियम’ या क्लबावरच्या लेखाचं भाषांतर चालू आहे, ‘जंटलमन्स क्लब’ला ‘सद्गृहस्थांचं मंडळ’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या कानाला तरी नाही चालत. मंडळ म्हटलं की मागोमाग कार्य आलंच: गणेशोत्सव मंडळ, महिला मंडळ, पाठ्यपुस्तक मंडळ. सभा म्हटली की ठराव. राजकारणी आणि लेखक जॉन विल्सन क्रोकर यांनी १८२३ साली रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींपुढे या क्लबाची कल्पना मांडली ती यातली नव्हे. निबंध वाचायला वैज्ञानिकांची रॉयल सोसायटी ही संस्था होतीच. लष्करी अधिकाऱ्यांना स्वतःचा क्लब होता. लेखक, कलावंत, वैज्ञानिकांना मात्र एकत्र जेवायला, वाचत बसायला, गप्पा मारायला हक्काची जागा नव्हती. ती १८२४ साली झाली, तीच ‘अथेनियम’.

म्हणून ‘क्लब’च ठेवा. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ सोटा. पुढे सगळ्यांनी पैसे घालून खर्च वाटून घेणं हाही अर्थ आला. आपल्याकडे जुन्या आत्मचरित्रांत पुण्यातली कॉलेजची मुलं ‘क्लबात’ जेवतात, तो क्लब म्हणजे आचारी ठेवून, महिन्याचा खर्च वाटून चालवलेली खानावळ. लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावरच्या क्लबांतल्या झुंबरांपेक्षा ही खानावळच खर्च वाटून घेण्याच्या त्या अर्थाला जवळची!

‘सद्गृहस्थ’ची अडचण वेगळी. आपला सद्गृहस्थ स्वभावाने सज्जन; त्या काळचा इंग्रजी जंटलमन प्रतिष्ठेने, बहुधा जन्माने. गंमत अशी की या क्लबाचे पहिले सचिव होते नामवंत शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे, लोहाराचा मुलगा. (थोड्याच काळात त्यांनी ते काम मित्राकडे सोपवलं.) ‘प्रतिष्ठितांचा क्लब’ बरं वाटतं. ‘पुरुषांचा क्लब’ शब्दशः खरं, पण तेवढंच वाचून वाचक भलतीकडे जाईल. हल्ली काही देशांत ‘जंटलमन्स क्लब’ अशी पाटी नग्ननृत्याच्या बारवर लागते. स्त्रियांना सभासदत्व नव्हतं हे वेगळ्या वाक्यात सांगा. ते २००२ साली खुलं झालं.

‘अथेनियम’ला मात्र हात लावू नका. अथीना ही ग्रीकांची ज्ञानदेवता, तिचं मंदिर ते अथेनियम. रोममध्ये सम्राट हेड्रियनने याच नावाचं विद्यालय काढलं होतं. ‘शारदा मंदिर’ असं भाषांतर सुचेलही, पण मग वाचकाला ती मुलींची शाळा वाटेल.