यंदा आमच्या घराचा नंबर होता

मावशी, मी पुण्याची. जपानी शिकले, जपानी माणसाशी लग्न केलं आणि गेली १४ वर्षं ओकायामा प्रांताच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका वस्तीत राहते. आमच्या गटात अकरा घरं. 'हानचो' म्हणजे गटप्रमुख, तो दरवर्षी घरागणिक बदलतो. एप्रिलपासून आमच्या घराचा नंबर होता. शेजारचे आजोबा नवऱ्याला येऊन म्हणाले, "तुमच्या ओकुसानला (म्हणजे बायकोला) ताइहेन, फार जड होईल, यंदा तुमचं घर सोडून पुढे जाऊ." नवरा म्हणाला, "बरं झालं, सुटलो!" मी चहा दिला, हसले आणि रात्री न्हाणीघरात रडले. इतकी वर्षं सगळ्यांबरोबर गवत कापते, बर्फ उपसते, तरी दुकानात कुणी ना कुणी "निहोंगो जोझु", छान जपानी बोलता हं, म्हणतंच. पुण्यात रिक्षावाल्याला वाकून नमस्कार करते म्हणून बहीण हसते. आई म्हणते, परत ये. मी नक्की कुठली?

अगं पोरी,

'मी नक्की कुठली' हा प्रश्न आधी बाजूला ठेवते. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि त्यावाचून तुझं काही अडलेलंही नाही. मी लग्न होऊन नागपूरहून सांगलीला आले त्याला ३८ वर्षं झाली. गल्लीत अजून मी 'नागपूरच्या काकू'. माझी पोरं अस्सल सांगलीच्या बोलीत भाजीवाल्याशी तंडतात, पण माझ्या वांग्याच्या रश्श्याची चौकशी अजून होते. पूर्वी चिडायचे, आता ते टोपणनावासारखं झालंय. 'निहोंगो जोझु'चं तसंच कर. दुकानातला माणूस तुला पहिल्यांदा बघतोय, त्याला तुझी १४ वर्षं कुठून दिसणार? हस, दुधाचे पैसे दे आणि घरी जा.

आजोबांचं मात्र तसं नाही. ते तुला १४ वर्षं बघतायत. म्हणून तिथे लागलं, आणि ते लागायलाच हवं होतं.

त्यांनी अपमान केला का? मला नाही वाटत. हानचोची कामं तूच दोन पानं भरून लिहिलीयस (पत्र इथे थोडक्यात छापलंय). गावचं पत्रक वाटायचं, वर्गणी गोळा करायची, कचऱ्याच्या जागेची झाडलोट बघायची, गवतकापणीचा दिवस ठरवायचा, काइरानबान सोडायची (वाचकांसाठी सांगते, ही सूचनांची पाटी, वाचून शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायची), आणि कुणी गेलं तर घरोघर कळवायचं. या शेवटच्या कामात म्हाताऱ्याचा जीव अडकला असणार. मयताच्या घरी द्यायचा लिफाफा कुठला, त्यात पैसे किती, शब्द कुठले? तिथे चुकलीस तर तुला जन्मभर लाज वाटेल, म्हणून त्यांनी तुला वाचवलं. आपल्याकडे नव्या सुनेवर पहिल्याच वर्षी गौरींचा सगळा स्वयंपाक टाकत नाहीत, त्यातलाच प्रकार. फक्त तू आता नवी सून राहिली नाहीस, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली तेव्हा तू चहा दिलास आणि हसलीस!

आता जरा हिशोब कर. अकरातल्या तीन घरांना वयामुळे आधीच माफी आहे, असं तू लिहितेस. त्या नव्वदीच्या आज्यांच्या यादीत चौथं घर तुझं. तू ४१ वर्षांची, गवत कापायचं मशीन खांद्याला अडकवून बांधावर उतरणारी बाई. उरली सात घरं. म्हणजे तुला सोडल्यामुळे त्या आजोबांचाच नंबर, वयाच्या ७८ व्या वर्षी, एक वर्ष अलीकडे येणार. जपानच्या २०२३ च्या सरकारी पाहणीत देशभरात ९० लाख घरं रिकामी निघाली. तुझ्या रस्त्यावरची तर तू खिडकीतूनच मोजतेस. अशा गावाला धडधाकट घराला माफी देणं परवडत नाही.

आणखी एक. तुझ्याकडे कायम राहायचा परवाना आहे, पण मत नाही. तोक्योच्या एदोगावा प्रभागात २०१९ मध्ये भारतातून तिकडे गेलेले आपले योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले, पण त्याआधी त्यांनी जपानी नागरिकत्व घेतलं होतं. दोन्ही पासपोर्ट ठेवता येत नाहीत आणि भारताचा तुला सोडवत नाही. नको सोडूस. पण वस्तीच्या बैठकीत पासपोर्ट कोण बघतो? तिथे प्रत्येक घराला आवाज आहे. तुझ्या घराचा तेवढा एकच होता, तो तू परत करून बसलीस.

आधी नवऱ्याशी बोल. बैठक टळली की बहुतेक पुरुषांना सण साजरा करावासा वाटतो. तुलाही सुटल्यासारखं वाटतंय अशी त्याची समजूत आहे. न्हाणीघरातलं रडणं त्याला ऐकू आलेलं नाही.

मग दोघं मिळून आजोबांकडे जा. "मला जमतं" असं म्हणू नकोस, ते भांडायला आल्यासारखं वाटतं. जपानी शिकवणारी माझी एक मैत्रीण म्हणते, "यारासेते कुदासाइ" म्हणावं. मला करू द्या. आणि लगेच पुढे म्हण, मयताचं काम निघालं तर पहिल्या वेळी तुम्ही माझ्याबरोबर या. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, पण महागाचंही काही नेऊ नकोस, नाहीतर परतफेड काय करायची या काळजीने म्हातारा आजारी पडेल. पुण्याची बाकरवडी शिल्लक असेल तर तीच ने. तिखट लागेल, चहा होईल, तेवढाच वेळ बसायला मिळेल. "बघू, विचार करतो" म्हणाले तर तो नकारही असू शकतो. तिथे वाद घालू नकोस, मार्चच्या बैठकीत सगळ्यांसमोर पुन्हा विचार.

आईला तुझ्या आवाजातलं रडणं कळतं, म्हणून ती 'ये' म्हणते. सिंहगड रस्त्यावरच्या जपानी धर्तीच्या पुणे-ओकायामा बागेत ती रोज फिरायला जाते ना? तिला तेवढंच ओकायामा माहीत आहे, कापलेली हिरवळ आणि तळ्यातले मासे. तुझ्याकडचं गवत कोण कापतं, तेही तिला एकदा सविस्तर सांग.

आणि रिक्षावाल्याला नमस्कार करत राहा. पुण्यात त्याला दुसरं कोण करतंय!

तुझी,
मावशी