एपिस्कोपल चर्चने ‘प्लेज कार्ड’ दिलंय. किती रक्कम लिहावी? काहीच लिहिलं नाही तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नाशिकच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतले, न्यू जर्सीत आल्यावर जवळच्या एपिस्कोपल चर्चमध्ये जाऊ लागलात आणि ऑक्टोबरात हातात पुढच्या वर्षाचं प्लेज कार्ड, म्हणजे वर्षभरात किती देणार ते लिहून द्यायचं कार्ड, पडलं. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देणं, सक्तीचा आहे का आणि गावच्या मंडळीला पाठवतो ते पैसे यात धरायचे का, हेही विचारलंय. मी नगरचा. इथल्या एका लहानशा पॅरिशच्या (स्थानिक मंडळीच्या) व्हेस्ट्रीवर, म्हणजे आपल्याकडच्या पंचकमिटीसारख्या मंडळावर, काम केलंय. त्यामुळे आतली बाजू सांगू शकतो.

सक्ती नाही. कार्ड कोरं राहिलं म्हणून कोणी प्रभुभोजन नाकारत नाही. चर्चच्या कायद्यात चांगल्या सभासदाची व्याख्या उपासनेला येणारा, देवाच्या राज्यासाठी काम करणारा, प्रार्थना करणारा आणि देणारा अशी आहे. किती देणारा, ते लिहिलेलं नाही. काही पॅरिशमध्ये वार्षिक सभेत मत द्यायचं तर देणगीची काहीतरी नोंद लागते, तेवढं विचारून घ्या. आणि तुम्ही इथे परके नाही. 1970 साली नागपुरात सीएनआय स्थापन झाली, तेव्हा अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले लोक, त्यात सामील झाले. त्यामुळे सीएनआय आणि एपिस्कोपल चर्च दोन्ही एकाच अँग्लिकन कुटुंबात मोडतात.

मग हे कार्ड कशाला? बजेटसाठी. व्हेस्ट्रीला पुढच्या वर्षाचा हिशेब मांडायचा असतो आणि रविवारी दानाच्या थाळीत काय पडेल यावर तो मांडता येत नाही. इथे सरकार चर्चला पगारपाणी देत नाही. रेक्टरचा (पॅरिशच्या मुख्य पाळकांचा) पगार आणि घर, त्यांच्या मोबदल्याच्या 18 टक्के रक्कम पेन्शन फंडात, आरोग्य विमा, ऑर्गन वाजवणाऱ्याचं मानधन, हिवाळ्याचं हीटिंगचं बिल, सगळं मंडळीच्या खिशातून जातं. वर डायोसिसचा, म्हणजे बिशपच्या प्रांताचा, वाटा. डायोसिस पुढे आपल्या उत्पन्नातून राष्ट्रीय चर्चला 15 टक्के देते. जुन्या दगडी इमारतीचं छप्पर गळायला लागलं की व्हेस्ट्रीच्या बैठकीत देवाचं नाव कमी आणि कंत्राटदाराचं जास्त निघतं!

लोकांना वाटतं, एपिस्कोपल म्हणजे श्रीमंतांचं चर्च. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरच्या ट्रिनिटी चर्चला 1705 मध्ये राणी अ‍ॅनकडून जमीन मिळाली आणि आज त्यांच्याकडे अब्जावधी डॉलरची मालमत्ता आहे, हे खरंच. पण तो पैसा तुमच्या पॅरिशचा बॉयलर बदलायला आपोआप येत नाही. प्रत्येक पॅरिशचा गल्ला वेगळा.

पूर्वी तर बाक भाड्याने दिले जात किंवा विकले जात. बॉस्टनच्या ओल्ड नॉर्थ चर्चला गेलात तर दरवाजे असलेले पेटीसारखे बाक आणि त्यांवर जुन्या मालकांच्या नावांच्या पट्ट्या दिसतील. ज्याच्याकडे पैसा, त्याला पुढची जागा. ती पद्धत गेली आणि तिच्या जागी वार्षिक प्लेज रुजलं, जे मला तरी कितीतरी बरं वाटतं.

आपल्याला अवघड वाटतं कारण आपली सवय वेगळी. नगरकडे कापणीच्या सणाला मंडळीत धान्य, कोंबड्या, भोपळे येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. कोणीतरी हट्टाला पेटून एका भोपळ्याचे असे पैसे मोजतो की बायको घरी गेल्यावर बोलते. सगळं उघड, सगळ्यांसमोर. इथे उलट. कोणी किती लिहिलं हे खजिनदाराला आणि प्लेजची नोंद ठेवणाऱ्याला माहीत असतं. रेक्टरने ते पाहावं की नाही यावर इथे वाद आहेत, काही मुद्दाम पाहत नाहीत. उपासनेनंतरच्या कॉफी अवरला शेजारी बसलेल्या आजींना तुमचा आकडा कधीच कळणार नाही, तुम्हाला त्यांचा कळणार नाही.

थाळीचे पैसे मोजायला मी बरेचदा बसलोय. नियम असा की मोजणारे किमान दोघे आणि एकमेकांच्या नात्यातले नकोत. टेबलावर नंबर टाकलेली पाकिटं एकीकडे, चेक दुसरीकडे, सुट्या नोटा तिसरीकडे. मुलांनी टाकलेली नाणी शेवटी. दोघांचा आकडा जुळला की कागदावर दोन सह्या. हल्ली बहुतेक लोक ऑनलाइन देतात, म्हणून थाळी रिकामी पुढे सरकवताना ओशाळायचं कारण नाही. काही चर्चमध्ये तर ‘मी ऑनलाइन दिलंय’ असं छोटं कार्ड ठेवलेलं असतं, ते थाळीत टाकायचं. महिन्यातून एका रविवारचं सुटं दान रेक्टरकडे जातं, पण ते गरजूंसाठी. कोणाचं वीजबिल थकलंय, कोणाला औषधं हवीत, ते त्यातून गुपचूप भागतं.

आता आकडा. 1982 च्या जनरल कन्व्हेन्शनने, म्हणजे एपिस्कोपल चर्चच्या राष्ट्रीय सभेने, दशांश हा देण्याचा किमान मापदंड मानला. प्रत्यक्षात फार थोडे तिथवर पोचतात आणि स्टुअर्डशिपच्या, म्हणजे देण्याविषयीच्या, प्रवचनातही ते कबूल केलं जातं. माझं मत: नुकतं बस्तान बसवताय, घरभाडं आणि कारचा हप्ता आहे, तर हातात येणाऱ्या पगाराच्या एक-दोन टक्क्यांपासून सुरुवात करा. मोठा आकडा लिहून फेब्रुवारीत थांबणाऱ्यांपेक्षा महिन्याला 40 डॉलर नेमाने देणारा खजिनदाराला जास्त आवडतो, हे खात्रीने सांगतो. नोकरी गेली किंवा खर्च वाढला तर एक ईमेल पुरतो, आकडा बदलून मिळतो, का बदलला ते कोणी विचारत नाही. आणि लिहिण्याआधी बजेट मागा. देत नाहीत म्हणाले तर मात्र मी कार्ड कोरंच ठेवेन.

करासाठी: 250 डॉलर किंवा त्याहून मोठ्या एकेका देणगीसाठी चर्चची लेखी पावती लागते. बहुतेक पॅरिश जानेवारीत वर्षाचं स्टेटमेंट पाठवतात, ते जपून ठेवा.

गावच्या मंडळीला पाठवता ते दशांशात खुशाल धरा, आम्ही घरी तसंच करतो. मात्र अमेरिकेच्या करात त्याची सूट मिळत नाही. दुसरी गोष्ट, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांबाबतचा भारताचा कायदा. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तोवर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलंत, अगदी ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) असलं, तरी तोच पैसा परदेशी ठरतो आणि मंडळीकडे एफसीआरए नोंदणी नसेल तर अडचण त्यांची होते. तेव्हा नाशिकच्या खजिनदारांना आताच विचारून ठेवा.