हॅनबरी बाग बघायला जाताय, तर एवढं ध्यानात ठेवा

इटलीतल्या व्हेंतिमिल्या गावाहून बसने जा. गाडी लावायची कटकट नको. एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, या बागेचं दार वरच्या रस्त्यावर आहे आणि बाग थेट समुद्रापर्यंत उतरत जाते. उतरताना काही वाटत नाही, पण परतताना सगळा चढ चढायचा असतो. म्हणून पाण्याची बाटली, चांगले बूट आणि निदान तीन तास हाताशी हवेत. गुडघे दुखत असतील तर अर्ध्या उतारावरच्या वाड्यापाशी थांबलात तरी चालेल, तिथूनही समुद्र छान दिसतो.

सगळी झाडं बघायचा हट्ट धरू नका. थॉमस हॅनबरी शांघायला व्यापार करून श्रीमंत झाला आणि 1867 मध्ये त्याने ही जागा घेतली. त्याचा भाऊ डॅनियल औषधी वनस्पतींचा जाणकार होता. म्हणून इथे नुसती शोभा नाही, जगभरातून जमवलेला संग्रह आहे. माझं ऐकाल तर घायपात आणि कोरफडीच्या उतारावर रेंगाळा. शक्यतो हिवाळ्यात जा, तेव्हा कोरफडींचे लाल-केशरी तुरे फुललेले असतात. आपल्याकडे कुंडीत वाढणाऱ्या कोरफडीची भावंडं तिथे माणसाच्या उंचीची दिसतात! जवळ जाऊन पानांच्या कडेचे काटे बघा, पण पानावर नाव कोरू नका. ती जखम भरत नाही.

खाली बागेतून जुना रोमन रस्ता जातो, तो चुकवू नका.