60 फुटी टॉवरची अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून वेगळी ठेवावी का?

तुम्ही औशाकडं शेतातल्या घराला लागून इंटरनेटसाठी 60 फुटी लोखंडी टॉवर उभा केलाय, आणि मिस्त्री म्हणतोय की त्याची अर्थिंग घरापासून एकदम वेगळी ठेवा, म्हणजे वीज घरात शिरणार नाही. मी लातूर-धाराशिव भागात हीच कामं करतो. कळकळीनं सांगतो, एवढं एक त्याचं ऐकू नका.

वीज पडली की साधारण 30,000 अँपिअर करंट खाली उतरतो. टॉवरच्या अर्थिंगचा रोध 5 ओहम धरला तरी त्या क्षणी टॉवरचं बूड दीड लाख व्होल्टवर जातं. घराची अर्थिंग मात्र शून्याच्या आसपास. मधे उरते तुमची नेटची केबल. निलंग्याकडं एका घरी टॉवरला ओरखडाही नव्हता, पण राउटरच्या पिना कोळशासारख्या काळ्या, टीव्ही गेलेला, बोअरचा स्टार्टर जळालेला. टॉवरच्या आणि घराच्या अर्थिंगचे खड्डे एकमेकांपासून सुटे होते. तुमचे दोन्ही खड्डे 25 बाय 3 मिलिमीटरच्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पट्टीनं जमिनीखालून जोडा. मग दोन्हीकडचं व्होल्टेज सोबत चढतं, सोबत उतरतं, आणि केबलवर येणारा ताण पुष्कळ कमी होतो.

आपली काळी जमीन ओली असली की अर्थिंगला झकास. पण उन्हाळ्यात भेगा पडतात, माती रॉडपासून सुटते, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच. म्हणून 3 मीटरचे किमान तीन रॉड ठोका, दोन रॉडमध्ये 3 मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवा आणि मेमध्ये तिथं पाणी सोडत चला. खाली खडक लागला तर चर खणून पट्टी लांबवर आडवी पुरा. मिठाऐवजी बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरा. मीठ पावसात वाहून जातं आणि राहील तेवढे दिवस लोखंड खातं.

क्लँप आवळण्याआधी टॉवरच्या पायावरचा रंग खरवडा, खालचा जस्ताचा थर राहू द्या. तांब्याची तार थेट जीआयवर आवळू नका, सांधा कुजतो. पट्टीला काटकोन नको, सावकाश वळण द्या. ताणाच्या तारांच्या खुंट्यांनाही अर्थिंग हवी. आणि तिथं बैल अजिबात बांधू नका. वीज जमिनीत पसरताना जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत व्होल्टेजचा मोठा फरक पडतो, त्यात ते जागेवर दगावतं.

टॉवरवरच्या नेटच्या डिशच्या वर मीटरभर साधी सळई पुरे. मोठ्या परिसराची वीज ओढून घेण्याच्या दाव्यानं महागडे अरेस्टर (टॉवरच्या टोकाला बसवायचे वीजरोधक) विकतात. आयएस/आयईसी 62305 या वीज-संरक्षणाच्या मानकात त्या वाढीव दाव्याला आधार नाही. ते पैसे मेन बोर्डातल्या एसपीडीला (अचानक चढलेलं व्होल्टेज जमिनीत उतरवणारं उपकरण) आणि केबल घरात शिरते तिथल्या सर्ज प्रोटेक्टरला घाला. नुसत्या एमसीबीवर विसंबू नका, वीज आली की तो पडेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. डिशचा पुरवठा टॉवरच्या बुडाशी छोट्या सोलर-बॅटरीवर जमला, तर घरापर्यंत बिनलोखंडी फायबर टाका. माझ्या मते याहून चांगला उपाय नाही.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर घ्या. इशारा आला की केबल राउटरमधून काढून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र तिला हात लावायला जाऊ नका.