डाळिंबावरील तेल्या आणि ‘नॅनो’ औषधांचा आग्रह

प्रश्न : पावसात डाळिंबाच्या पानांवर आणि फळांवर तेलकट डाग दिसू लागले आहेत. दुकानदार नॅनो (अतिसूक्ष्म कणांच्या) चांदी व नॅनो तांब्याचे द्रावण फवारण्यास आणि गुण न आल्यास मात्रा दुप्पट करण्यास सांगतात. फवारणी करावी का? (सांगोला व मालेगाव भागातील शेतकरी)

उत्तर : बाटलीवर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, डाळिंब हे पीक आणि तेल्या (असे तेलकट डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग) या तिन्ही गोष्टी छापलेल्या नसतील, तर ती बागेत नेऊ नये. रोगनाशक म्हणून विकले जाणारे प्रत्येक औषध कीटकनाशक कायदा, 1968 खाली नोंदलेले असावे लागते. नॅनो युरियाला मिळालेली मान्यता ही खत म्हणून आहे. ती दाखवून कोणी रोगाचे औषध गळ्यात मारत असेल, तर स्पष्ट नकार द्यावा.

तांब्याच्या व चांदीच्या अतिसूक्ष्म कणांतून सुटणारे आयन (विद्युतभारित अणू) जिवाणूचे आवरण फोडतात, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे. परंतु तेल्याचा जिवाणू फांद्यांवरील जुन्या चट्ट्यांच्या आत दडलेला असतो आणि तिथवर फवारा पोहोचत नाही. शिवाय क्षारयुक्त पाण्यात किंवा विद्राव्य खतांसोबत टाकीत मिसळल्यास हे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. मात्रा दुप्पट केल्याने रोग दुप्पट वेगाने हटत नाही. पाने व फळे करपतात, तांबे जमिनीत साचते आणि आपण पैसे मोजून घातलेले उपयुक्त जिवाणूही त्यात मरतात. मात्रा वाढवू नये, आणि पावसाची झड सुरू असताना किंवा भर उन्हात फवारणी करू नये.

माझा आग्रह कात्रीचा आहे. फळे काढल्यावर बागेला तीन-चार महिने विश्रांती द्यावी, रोगट फांद्या चट्ट्याच्या दोन इंच खालून छाटाव्यात, प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी, कापावर 10 टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा लेप) लावावी आणि पडलेला पाला व फळे बागेबाहेर नेऊन जाळावीत. त्यानंतर 1 टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) व 1 किलो चुना, प्लास्टिकच्या पिंपात तयार करून त्याच दिवशी फवारावे. बुडवलेल्या लोखंडी खिळ्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुना घालावा. दरवर्षी तेल्या येणाऱ्या बागेत पावसाळ्याच्या सुरुवातीचा मृग बहार सोडून पावसाळा सरताना येणारा हस्त बहार धरावा, कारण पावसाळी ओलाव्यातच हा रोग भडकतो.

फळपीक विम्यात आपला बहार बसतो का, हे तालुका कृषी कार्यालयात आधी विचारावे. औषधाचे पक्के बिल लॉट क्रमांकासह घ्यावे. ते नाकारणाऱ्या दुकानाची लेखी तक्रार त्याच कार्यालयात करावी.