सही मागणं आणि मत विचारणं

तुमचा प्रश्न: फोंड्याकडचं जुनं घर वडिलांनी विकायला काढलंय, आईची फक्त सही हवी आहे, तर तिचं मत वेगळं विचारायची गरज आहे का?

आहे. गोव्यात 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली पद्धत अशी, की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणून घर विकताना दोघांच्या सह्या. तुळशीपुढे रोज दिवा लावणारी बाई त्या घराची मालकीण आहे, हे कायद्याने मानलंय.

पण कागद पुढे सरकवून 'हांगा सय कर' म्हटलं की संमती मिळाली असं नाही. किंमत काय ठरली, राहायचं कुठे, हे तिला कळायला हवं. आणि मुख्य म्हणजे, 'नाही' म्हटलं तर घरात कुणी अबोला धरणार नाही याची खात्री हवी. माझ्या मावशीने न वाचता अशीच सही केली. त्यानंतर चवथीला सगळे जमले की ती त्या घराचा विषय निघताच उठून आत जायची.

वडिलांचा हेतू चांगलाच असेल. तरी आईचं भलं कशात, हे तिच्या वतीने त्यांनी ठरवू नये, तुम्हीही नाही. तिच्यापाशी एकटे बसा, विचारा, मधे न बोलता ऐका.