ठाण्यातील फ्लॅटमध्ये गिटार वाजवण्यासाठी ट्यूब ॲम्प्लिफायर घ्यावा की डिजिटल मॉडेलर?

घोडबंदर रस्त्यावरील फ्लॅटमध्ये रात्री सराव करायचा असेल, तर माझ्या मते ॲम्प्लिफायरच्या स्वराचे डिजिटल अनुकरण करणारा मॉडेलरच घ्यावा. ट्यूबचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचा, भरदार, बोटांच्या जोराला लगेच उत्तर देणारा स्वर मला मनापासून प्रिय आहे; परंतु पॉवर ट्यूबवर (स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या नळ्यांवर) पुरेसा ताण आल्याखेरीज तो खुलत नाही, आणि ५० वॉटऐवजी ५ वॉटचा ॲम्प्लिफायर आणला तरी आवाज केवळ १० डेसिबलने, म्हणजे कानाला साधारण निम्म्यावर येतो, जो शेजाऱ्यांना सहज ऐकू जातो. मॉडेलर तोच स्वर बऱ्याच अंशी हेडफोनवर देतो. मात्र तो गिटारच्या कॅबिनेटला (स्पीकरच्या पेटीला) पॉवर ॲम्प्लिफायरमार्फत जोडल्यास त्यातील कॅबिनेटचे अनुकरण बंद ठेवावे, अन्यथा स्वर घुसमटतो. सरावासाठी स्टुडिओ नियमित मिळणार असेल, तरच ट्यूबचा विचार करावा.